मागे घेतलेला अर्ज

रविवारी कापडाचं लूमखातं बंद असायचं, म्हणून भिकनबाबांनी बैठक रविवारीच ठेवली. आधी जेवणं होऊ देत, मग बोलू, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. त्यामुळे वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी खाताना घरात कोणीही महापालिकेच्या निवडणुकीचं नाव काढलं नाही. योगराजने दोनदा वरण मागून घेतलं, बट्टी छान झाली म्हणाला, आणि पंख्याकडे बघत बसला. रंजनाला त्या शांततेचीच जास्त भीती वाटत होती. दहा दिवसांत दीर आपल्याशी इतक्या गोड आवाजात बोलला नव्हता.

ताटं उचलली गेली. बाबांनी हात धुतले, भिंतीला पाठ टेकून बसले आणि म्हणाले, "हं. आते बोला."

"वहिनी, मी तुमच्या वाईटावर नाही," योगराजने सुरुवात केली. "बारा वर्षं पक्षाच्या सतरंज्या घातल्या आणि उचलल्या. ही जागा बायकांना राखीव झाली नसती तर मीच उभा राहिलो असतो. आता तिकीट उज्ज्वलाच्या नावाचं आलंय. एका घरातून दोन फॉर्म राहिले तर खानदेशी मतं फुटणार आणि तिसराच कोणी येऊन बसणार. मंगळवारी तीन वाजेपर्यंत मुदत आहे. तुम्ही तेवढा मागे घ्या."

"उज्ज्वलाचा घ्या ना मागे," रंजना म्हणाली.

"पक्षाचं तिकीट असं परत करता येतं का?"

"मला गल्लीतल्या बायकांनी उभं केलंय भाऊजी. ते तरी परत कसं करू?"

उज्ज्वला सगळ्यांना पाणी देत होती. योगराजची ही बायको, रंजनापेक्षा नऊ वर्षांनी लहान. तिकीट मागायला गेले तेव्हा तिला कोणी विचारलं नव्हतं आणि आज तिच्यासमोर तिच्याच तिकिटाचं बोलणं चाललं होतं तरी तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. तिने रंजनाच्या हातात पेला दिला तेव्हा तिची बोटं गार पडली होती.

गल्लीतल्या, म्हणजे रुक्मिणीनगरच्या बायका रंजनाकडे का आल्या हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गेल्या भाद्रपदात प्लेगाची हाकाटी उठली आणि दोन दिवसांत सुरतेतलं अख्खं लिंबायत रिकामं झालं. उधना स्टेशनावर माणसं खिडकीतून गाडीत घुसली. भिकनबाबा, शोभाबाई, दोन्ही मुलगे, उज्ज्वला, रंजनाची मनीषा आणि सहा वर्षांचा नितीन, सगळे गावी गेले. रंजना मागे राहिली. समोरच्या घरात सरलाबाई आणि तिचा नवरा रघुनाथ दोघंही तापाने फणफणत होते, आणि त्यांना दवाखान्यात नेणारं गल्लीत कोणी उरलं नव्हतं. रघुनाथ चौथ्या दिवशी गेला. सरलाबाईला मात्र रंजनाने परत आणलं. गल्लीत उरलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिने गोळ्या वाटल्या, पाणी उकळून दिलं, मेलेले उंदीर फावड्याने उचलून जाळले. लोक परतले, आणि पुढचे सहा महिने ती बायकांना घेऊन उघड्या गटारीसाठी महापालिकेच्या कचेरीत खेपा घालत राहिली. गटारीवर लाद्या पडल्या त्या दिवशी सरलाबाई म्हणाली होती, "इथं अर्ज घेऊन उभं राहण्यापेक्षा तूच आत जाऊन बस ना."

"गल्लीन्या बाया येतस, त्या उज्ज्वलाना नाव नही लेतस," शोभाबाई एकदम बोलल्या. "रंजनानाच लेतस."

सगळ्यांनी चमकून सासूकडे पाहिलं. कालपर्यंत याच शोभाबाई म्हणत होत्या की घरातल्या सुनेने भिंतीवर फोटो चिकटवून घेणं शोभत नाही.

"तू गप बठ," बाबा म्हणाले. मग रंजनाकडे न बघता, जमिनीकडे बघत म्हणाले, "वहू, मी एकच सांगस. घर फुटाले नको."

रंजनाने मान खाली घातली. या माणसाने तिला एकोणीस वर्षांत कधी एक वाईट शब्द ऐकवला नव्हता. त्यांना नाही कसं म्हणायचं?

आणि तेवढ्यात तिचा नवरा हेमराज बोलला. तो बोलेल असं कोणाच्याही मनात नव्हतं. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढून हेमराजचे कान अधू झाले होते. घरच्या बोलण्यात तो सहसा पडायचाच नाही, आणि पडला तर खात्यात बोलावं तसं ओरडून बोलायचा.

"ती उभी राहीन!" तो म्हणाला. "मी तिच्या बाजूने शे. सूचक म्हणून फॉर्मवर माझीच सही आहे. माझी सही मी खोटी पडू देणार नाही."

योगराज हसला. "बरं दादा," एवढंच म्हणाला आणि उठून वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत गेला.

मागच्या पडवीत भांडी घासताना उज्ज्वला रंजनाजवळ सरकली. "ताई, तुम्ही मागे घेऊ नका हं. मला चार माणसांत नाव सांगता येत नाही. काल यांनी माझ्याकडून भाषण पाठ करून घेतलं, तर मी 'नमस्कार'वरच अडकले. तुम्ही निवडून या. मी तुमच्या घरच्या भाकरी थापीन, पण हे माझ्यावरून जाऊ दे."

रंजनाने राखेचा हात तसाच तिच्या पाठीवर ठेवला. त्या दुपारी तिला वाटलं, नवरा आपला, सासू आपली, जाऊसुद्धा आपलीच. आता काय बिघडणार?

मंगळवारी सकाळी नळाला पाणी येऊन गेलं होतं आणि रंजना भाकरीचं पीठ मळत होती. मनीषा एक कागद घेऊन आली. नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली ही पोर घरातली सगळ्यांत शिकलेली. सरकारी कागद आला की तो आधी तिच्या हातात जायचा. ती गुजराती शाळेत शिकली होती. रंजना मराठी सातवी. गुजराती छापील कागद समोर आला की तिला अक्षरं ओळखीची वाटायची, पण त्यांच्या डोक्यावरची रेघ गेलेली असायची, आणि शब्द लागतोय असं वाटेपर्यंत तो निसटून जायचा.

"मम्मी, सही कर."

"कशावर?"

"निशाणीचा अर्ज आहे. अपक्षाला निशाणी मागावी लागते. पप्पा आत्ता जाऊन देऊन येतात, म्हणजे तुला दुपारी रांगेत थांबायला नको."

"शिलाई मशीन लिहिलंस ना पहिलं?"

मनीषा क्षणभर थांबली. "हो. शिलाई मशीन."

रंजनाने उजवा हात पदराला पुसला, कागद पाटावर ठेवला आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. बोटाला राहिलेलं पीठ कोपऱ्याला लागलं. "अगं, घाण झाला," ती म्हणाली. "चालतं," असं म्हणून मनीषाने कागद घाईघाईने उचलला आणि बाहेर नेऊन बापाला दिला. हेमराजने सायकल काढली. जाताना तो रोज "येतो गं" म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला नाही. रंजनाला ते जाणवलंही नाही, कारण ती मनातल्या मनात प्रचाराला कुठल्या गल्लीपासून सुरुवात करायची ते ठरवत होती.

दुपारी तीनच्या सुमारास, निशाण्या वाटायच्या वेळेला, ती कचेरीत पोचली. बरोबर सरलाबाई आणि गल्लीतल्या अकरा बायका होत्या. लग्नाला निघाल्यासारख्या नवी लुगडी नेसून आलेल्या. व्हरांड्यात उमेदवारांची आणि त्यांच्या माणसांची ही गर्दी. पंखे नुसते गरगरत होते, वारा लागत नव्हता. नाव पुकारलं जाईल म्हणून रंजना खिडकीपाशी उभी राहिली. नावं संपली. तिचं नाव आलंच नाही.

तिने आत वाकून कारकुनाला विचारलं. त्याने रजिस्टर चाळलं, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"बेन, तमारुं फॉर्म तो पाछुं खेंचाई गयुं."

"नाही हो साहेब. मी कुठे मागे घेतलाय? मी तर निशाणी घ्यायला आलेय."

"तमारा मिस्टर पोते आपी गया. साडा अगियारे." हेमराज स्वतः साडेअकराला देऊन गेलेला कागद त्याने फायलीतून काढून तिच्यापुढे धरला. "सही तमारी ज छे ने?"

खाली तिची सही होती. रंजना हेमराज. सुटी सुटी, गोल अक्षरं. आणि कोपऱ्याला वाळून पांढरं पडलेलं पीठ.

तिला पहिल्यांदा वाटलं की इथे काहीतरी चूक झाली आहे. मनीषाने एक कागद दिला असेल आणि हेमराजने चुकून दुसराच. मग तिने पुन्हा त्या पिठाकडे पाहिलं. कागद एकच होता. पोरीने तो हातात धरून कशाचा आहे ते तिला सांगितलं होतं. अडखळली होती, पण सांगितलं होतं.

"काय म्हणतो गं तो?" मागून सरलाबाईने विचारलं.

"माझीच आहे," रंजना कारकुनाला म्हणाली.

"काय तुझी आहे?"

रंजना वळली. बाराजणी तिच्या तोंडाकडे बघत होत्या. इंदुबाईच्या हातात हळदी-कुंकवाची पिशवी होती. निशाणी मिळाली की कागदाला कुंकू लावायचं म्हणून आणलेली. "घरी चला," रंजना म्हणाली. "अर्ज राहिला नाही आपला." रिक्षात सरलाबाई तिच्या शेजारी बसली होती. लिंबायतचं रेल्वे फाटक येईपर्यंत तिने दोन-तीनदा रंजनाकडे पाहिलं. त्यानंतर पाहायचं सोडून दिलं.

घरी सगळे होते. हेमराजने पाळी बुडवली होती. तो खाटेच्या काठावर बसला होता, पायात चपला तशाच. बाबा भिंतीशी. शोभाबाई चुलीपाशी. योगराज जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा, ना वर ना खाली. मनीषा कुठे दिसत नव्हती. बहुतेक मागच्या पडवीत असावी, कारण पडवीचं दार लोटलेलं होतं.

"मला विचारायचं तरी होतं," रंजना नवऱ्याला म्हणाली.

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का?"

"नसते म्हटले."

"मग?"

"रविवारी सगळ्यांसमोर कशाला बोललात तसं?"

हेमराजने मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते. "रविवारी मी खरं बोललो होतो," तो ओरडून म्हणाला. मग आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. "आईशप्पथ, खरं बोललो होतो. सोमवारी योगराजने मला पक्षाच्या प्रमुखाकडे नेलं. तो म्हणाला, अर्ज मागे आला तर हजिऱ्याला कंपनीत लावून देतो. कायमचं. आठ तासांची पाळी, दवाखाना कंपनीचा. रंजना, मला उजव्या कानाने आता काहीच ऐकू येत नाही. तुला सांगितलं नाही. डावा किती दिवस राहील ते डॉक्टरलाही माहीत नाही. खातेवाला मला आणखी किती दिवस ठेवेल? बारा तास उभं राहून..."

तिला त्याचा राग यायला हवा होता. कचेरीपासून घरापर्यंत तिने तो जपून आणला होता. पण समोर बसलेला माणूस इतका दमलेला दिसत होता की तो राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. ती योगराजकडे वळली.

"भाऊजी, तुम्हाला शोभलं हे?"

"वहिनी, राजकारणात असं चालतंच," योगराज म्हणाला. "उद्या उज्ज्वला निवडून आली तर कामं तुम्हीच सांगायची आहेत. ती काय, सही करायला बसेल. घरातली खुर्ची घरातच आहे ना?"

"जयं ते जयं," झालं गेलं विसरा अशा सुरात शोभाबाई चुलीपासून म्हणाल्या. "आते वाद नको. दोन्ही भाऊ एक राहोत." रविवारी रंजनाचं नाव घेणाऱ्या त्या याच. रंजनाने त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्या चुलीतलं लाकूड पुढे सारत होत्या.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"मीच पोरले सांगं," भिकनबाबा म्हणाले. "ती वाचीसन सांगी तर तू सही करशी, हाई माले मालूम व्हतं. दुसरं कोन्हं तू आयकती नही. पाप मना माथे घाल. पोरना माथे नको."

म्हणजे या म्हाताऱ्याने नातीला बोलावून घेतलं होतं आणि तिच्या हातात कागद दिला होता. रंजनाने पडवीचं दार ढकललं. मनीषा पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती. रडत नव्हती. तिचा चेहरा कोरडा होता आणि त्यामुळेच रंजना घाबरली.

"मनी, आजोबांनी जबरदस्ती केली तुला?"

"नाही."

"पप्पांनी?"

"पप्पा म्हणाले, नको वाटत असेल तर राहू दे. मी म्हटलं, मी करते."

"का गं?"

मनीषा बोलायला लागली, सावकाश, शाळेत उत्तर सांगावं तशी.

"प्लेगात आम्ही गावी गेलो तेव्हा गावाने आम्हाला वेशीच्या आत येऊ दिलं नाही. सुरतची माणसं नकोत म्हणाले. आम्हाला शेतातल्या गोठ्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी नितीनला ताप आला. आजी, आजोबा, पप्पा, सगळे पाण्यासाठी, डॉक्टरसाठी गावात हातापाया पडायला गेले होते. काका-काकू दुसऱ्या गावी काकूच्या माहेरी. मी आणि नितीन दोघंच. त्याच्या काखेत गाठ आली का ते मी दर थोड्या वेळाने चाचपत होते. तो 'मम्मी, मम्मी' करत होता आणि मी त्याला सांगत होते की मम्मी येतेय. तू येणार नव्हतीस. तू सरलामावशीकडे होतीस."

"मला कोणी हे..."

"साधा ताप होता. उतरला. आम्ही परत आलो तेव्हा गल्लीत सगळे तुझ्या पाया पडत होते. मग तुला कसं सांगणार?" तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "आता तू नगरसेवक झालीस तर सगळ्या वॉर्डाची होशील. आमची कधी होशील मम्मी? आजोबा म्हणाले, घर फुटेल. मला वाटलं, एवढी एक सही घेतली की सगळं थांबेल. तू घरी राहशील."

रंजना टाकीच्या दुसऱ्या बाजूला बसली. गोठा, ताप, काखेतली गाठ चाचपणारी सोळा-सतरा वर्षांची पोर. नऊ महिने ही पोर त्याच घरात तिच्या शेजारी झोपत होती, आणि तिला काहीही माहीत नव्हतं. त्या दिवसांत आपण काय चुकलो हे ती शोधू लागली. सरलाबाईला तशीच टाकून गाडीत चढायला हवं होतं का? तिला दोन्हीकडून उत्तर येत होतं आणि दोन्ही उत्तरं खरी होती. तिने मनीषाला जवळ घ्यायला हात पुढे केला. मनीषा तिथेच उभी राहिली, पुढेही आली नाही आणि मागेही सरली नाही. हात खाली आला.

दिवेलागणीच्या आधी सरलाबाई आली. आत आली नाही, उंबऱ्यापाशीच थांबली. तिच्या मागे गल्लीत आठ-दहा बायका उभ्या होत्या. एव्हाना योगराजची रिक्षा भोंगा लावून फिरायला लागली होती आणि त्यावरून सांगितलं जात होतं की रंजनावहिनींनी आपल्या जावेला मनापासून पाठिंबा दिला आहे.

"भोंग्यावर काहीही सांगू दे," सरलाबाई म्हणाली. "मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तुझी सही कोणी घेतली? हेमराजने फसवून घेतली ना? एकदा बोल, रंजना. आम्ही सगळ्या उद्या कचेरीत जाऊन बसतो. फॉर्म नाही मिळाला तरी चालेल. निदान तुझं नाव खराब होणार नाही."

रंजनाला सुटायची वाट दिसत होती. एक वाक्य बोलायचं होतं. माझी सही माझ्या लेकीने खोटं सांगून घेतली. पण मग उद्यापासून हीच गल्ली मनीषाकडे कशी बघेल? नळावर, दुकानावर, उद्या तिच्या लग्नाचं कोणी विचारायला आलं तर त्याच्याही कानावर. आईला फसवणारी पोर. एकदा चिकटलेलं असं नाव या गल्लीत पुसलं जात नाही. हेमराजवर ढकललं तर कचेरीत चौकशी होईल, आणि चौकशीत कागद वाचून कोणी दाखवला हे निघणारच. आत, पडवीच्या दाराशी पोर उभी आहे, श्वास रोखून उभी आहे, हे तिला न वळताही कळत होतं.

"कोणी फसवलं नाही," रंजना म्हणाली. "मीच सही केली."

"शपथ घे."

"मीच केली. माझ्या हाताने. घरातलं जमेना, म्हणून केली."

सरलाबाईच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर रंजनाला ते सोपं गेलं असतं.

"मग आम्हाला नवी लुगडी नेसवून तिथवर कशाला नेलंस?" ती म्हणाली. "तिथे सगळे हसत होते आम्हाला." आणि ती वळून निघून गेली. बाकीच्या बायकाही तिच्यामागे गेल्या. इंदुबाई जाता जाता थांबेल असं रंजनाला वाटलं होतं. ती थांबली नाही.

निवडणूक झाली. मतदानाच्या दिवशी रुक्मिणीनगरच्या बायका घरातून बाहेर पडल्याच नाहीत. योगराजने तीन-तीनदा रिक्षा फिरवली, मनीषाने दारोदार नेऊन चिठ्ठ्या दिल्या, पण सरलाबाईच्या घराला आतून कडी होती आणि इतर घरांतून 'येतो, येतो' असं उत्तर येत राहिलं. उज्ज्वला एकशे ऐंशी मतांनी पडली. निकाल लागला त्या संध्याकाळी योगराज वरून खाली आला आणि सगळ्यांसमोर रंजनाला म्हणाला, "झालं तुमचं समाधान? बायकांना घरात बसवलंत ना?" हेमराज उठून उभा राहिला. भावांचे हात एकमेकांच्या शर्टापर्यंत गेले. बाबा मध्ये पडले, आणि त्यांना कोणाचा धक्का लागला हे शेवटपर्यंत कळलं नाही. ते जिन्याच्या पायरीवर पडले आणि त्यांचं कोपर फुटलं.

पुढच्या आठवड्यात योगराजने कोसाडला खोली घेतली. शोभाबाई त्याच्याबरोबर गेल्या. निघताना उज्ज्वला रंजनाच्या गळ्यात पडून रडली. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण रिक्षावाला भोंगा वाजवत होता. प्रमुखाने हेमराजला दोनदा घराबाहेर बसवून ठेवलं आणि तिसऱ्यांदा आत निरोप पाठवला की साहेब गावाला गेलेत. हेमराज परत त्याच खात्यात, त्याच रांगेतल्या लूमवर जाऊ लागला. भिकनबाबा खाटेवर पडून असायचे. त्यांचं घर त्यांच्या डोळ्यांदेखत दोन झालं होतं. ते आता कोणालाही काही सांगत नव्हते.

रंजना नळावर गेली की बायका तिला जागा करून द्यायच्या. तिच्याशी भांडायचंही कोणी राहिलं नव्हतं. घरात ती आणि मनीषा कामापुरतं बोलत. मीठ संपलंय. नितीनचा सदरा वाळला का. आजोबांना दूध दिलं.

अशीच एक दुपार होती. हेमराज पाळीवर, नितीन शाळेत, बाबा झोपलेले. दोघी जेवायला बसल्या होत्या. मनीषाने दोन घास खाल्ले आणि ताटावरून नजर न उचलता विचारलं,

"मम्मी, हे सगळं माझ्यामुळे झालं ना?"

रंजनाला 'नाही' म्हणायचं होतं. महिनाभर तिने हेच सांभाळलं होतं. सरलाबाईसमोर, गल्लीसमोर, दिरासमोर. पोरीवर शब्द येऊ दिला नव्हता. आपलं नाव मातीत गेलं तरी दिला नव्हता. 'नाही' हा एवढासा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. बाहेर आला तो दुसराच.

"हो," ती म्हणाली.

मनीषाने मान हलवली, जणू तिला तेच अपेक्षित होतं. उरलेली भाकरी तिने खाल्ली, ताट उचललं आणि ती पडवीत धुवायला गेली. रंजनाला हाक मारायची होती. पडवीतून पाण्याचा आवाज येत राहिला, आणि ती हातातला घास तसाच धरून बसून राहिली.